कुरुंद्याचं घड्याळ

फेब्रुवारी सरत आला की वसमतकडून येणाऱ्या एसटीच्या पायऱ्यासुद्धा पिवळ्या दिसायला लागतात. उतरणाऱ्यांच्या चपला पिवळ्या, पिशव्यांचे बंद पिवळे, कंडक्टरच्या बोटांची टोकंही पिवळी. काल हिंगोलीच्या बसस्थानकावर अशीच एक गाडी लागली आणि तिच्या दारातून शिजलेल्या हळदीचा वास खाली उतरला. माती, वाफ आणि किंचित औषध यांचा मिळून होतो तसा तो वास असतो. बहुतेकांना त्या वासानं लग्नघरं आठवतात. मला घड्याळं आठवतात. साधी भिंतीवरची नव्हेत. सेकंदाचे दहा लाख तुकडे करून त्यातला एकेक तुकडा मोजू पाहणारी.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. शिकवण्यापेक्षा टोकणं जास्त, असं माझे विद्यार्थी म्हणतात आणि ते खरं आहे. प्रयोगवहीत एकच रीडिंग घेऊन उत्तर काढलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. पाच रीडिंग घ्या, वेगवेगळ्या वेळी घ्या, मग सरासरी काढा, हे मी इतक्यांदा म्हटलंय की वर्गाबाहेर माझी नक्कल करताना मुलं हेच वाक्य म्हणतात. ज्या हंगामाविषयी लिहितेय त्या हंगामात मी स्वतः एकच रीडिंग घेतलं होतं.

सुरुवात झाली एका प्रश्नानं. वर्षा नावाची अकरावीची मुलगी, कुरुंद्याची. विजेचा धडा संपला, सगळे उठले, ही बसूनच राहिली. म्हणाली, "मॅडम, आमच्या इहिरीवरच्या वावरात वीज पडतीच म्हणतात समदे. असं आसतंय का? एकाच वावरावर?"

मी शिकवल्यासारखं काहीतरी उत्तर दिलं. उंच झाड, ओली जमीन, वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझे बाबा तिथंच गेले. सहा वर्सं झाली." मग दप्तर उचलून निघून गेली. माझं उत्तर किती पोकळ होतं ते मला त्या रिकाम्या वर्गात कळलं. एखाद्या वावरावर वीज जास्त पडते का, हा प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि ते शोधता येण्यासारखं होतं.

आभाळ गडगडायला लागलं की रेडिओत खरखर येते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ती खरखर विजेची असते. वीज पडली त्या जागेपासून ती लहर चहूकडे धावत सुटते. जवळच्या रेडिओला आधी मिळते, लांबच्याला नंतर. तीन गावांत तीन रेडिओ ठेवले आणि कुणाला किती आधी ऐकू आलं हे नेमकं कळलं, तर वीज कुठे पडली ते नकाशावर दाखवता येतं. गोम त्या 'नेमकं'मध्ये आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ही लहर तीनशे मीटर जाते. वर्षाचं विहिरीवरचं वावर ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत तीनशे मीटरसुद्धा नाही.

हल्ली सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ मिळतात. दिसायला अंगठ्याएवढी कांडी, संगणकाला खोचायची. सूर लावणं, गाळणं, मोजणं, सगळं संगणकातला प्रोग्राम करतो. स्वस्त असतात, आणि स्वस्त असल्यामुळे त्यांच्या पोटातलं घड्याळही बेताचंच असतं. ते घड्याळ म्हणजे थरथरणारा एक छोटा स्फटिक. मोठे लोक अशा कामाला उपग्रहांकडून वेळ घेतात. आमच्या कांड्यांना बाहेरचं घड्याळ जोडायला जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते नको होतं. आभाळाकडून उसनी वेळ न घेता, जमिनीवरचे तीन रेडिओ एकमेकांशी वेळ जुळवू शकतील का, याची मला भलतीच उत्सुकता लागली होती.

त्यासाठी गफूरचाचांकडे गेले. सराफ्यामागच्या गल्लीत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. आता तिथे मोबाईल जास्त आणि रेडिओ कमी, पण पाटीवर अजून रेडिओच आहे. त्यांच्या आजोबांनीही तिथेच बसून काम केलं. मी कांडी पुढे केली. त्यांनी ती उघडली, भिंगातून स्फटिकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हर एकाचा मिजाज अलग राहतो. एकाच कंपनीचे दोन घ्या, एक जरा पुढं पळंल, एक जरा मागं राहील. आधी ओळख करून घ्या, मग कामाला लावा."

ओळख कशी करून घ्यायची, ते मात्र मला ठाऊक होतं. दूरच्या शहरातलं एक रेडिओ केंद्र आमच्या तिन्ही जागांना ऐकू येत होतं. त्याचा मनोरा कुठे आहे ते माहीत, आमच्या जागा माहीत, म्हणजे अंतरं माहीत. दुपारच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात एक निवेदक हटकून खोकायचा. तो खोकला कुठल्या रेडिओवर किती मागाहून पोचायला हवा हे कागदावर काढता येतं. प्रत्यक्षात त्याहून जो फरक पडेल तो घड्याळाचा. अर्थात संगणकाला खोकलाच लागतो असं नाही, गाणंबिणं काहीही चालतं. पण आम्हाला त्या खोकल्याचा लळा लागला. एकदा निवेदक चार दिवस आला नाही तर चाचा म्हणाले, "बेचाऱ्याची तबियत बिघडली वाटतं," आणि दोघंही खरंच काळजीत पडलो.

डिसेंबरात माझ्या घरी, गार खोलीत, टेबलावर तिन्ही रेडिओ, प्रत्येक आपल्या छोट्या संगणकासकट एका डबीत बसवलेला, शेजारी शेजारी मांडले. एक सेकंदामागे किती पुढे पळतो, दुसरा किती मागे राहतो, ते मोजलं आणि प्रत्येकाच्या डबीवर चिकटपट्टीवर आकडा लिहून टाकला. चाचा म्हणाले, "एकच दिवस पाहिलं मॅडम?" मी म्हटलं, स्फटिक आहे चाचा, माणूस नाही. मग बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा लागल्या आणि तो विषय तिथेच मिटला. एक रेडिओ माझ्या गच्चीच्या खोलीत राहिला. दुसरा नरसीला, चाचांच्या ओळखीच्या एका दुकानाच्या माळ्यावर, हार-बत्ताशांच्या खोक्यांच्या वर. तिसरा कुरुंद्याला वर्षाच्या घरी.

वर्षाची आई, कमलबाई. बोलणं थोडं, हात सतत चालू. हळद शिजली की नाही हे बघायला त्या काडी टोचायच्या. काडी अलगद रुतली की विस्तव ओढायला सांगायच्या. त्याआधीच वासावरून त्यांना कळलेलं असायचं, काडी फक्त इतरांच्या समाधानासाठी. मी मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणायचे, पन्नास मिनिटं झाली. त्या म्हणायच्या, "मिंटं झाली आसतील. हळद न्हाई झाली." अशा बाईच्या पडवीत, खिडकीशेजारी, मी माझी दहा लाखाव्या भागाची डबी ठेवून आले.

निघताना त्यांनी विचारलं, "ह्यानं समजंल का मॅडम? आमच्या वावरातच पडती का ते?"

"समजेल," मी म्हटलं. इतक्या ठामपणे की आज आठवलं तरी कान गरम होतात.

मार्चमध्ये अवकाळी ढग यायला लागले. त्या हंगामातल्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. वर्गात पंखा बंद पडलेला, बाहेर एकदम पिवळट उजेड, आणि नैर्ऋत्येकडून पहिला गडगडाट. बाकीचे शिक्षक वाळत घातलेल्या कपड्यांची काळजी करायचे. मी मनातल्या मनात तिन्ही डब्यांना म्हणायचे, ऐका. घरी येऊन संगणक उघडला की डब्यांनी इंटरनेटवरून पाठवलेल्या नोंदींतून नकाशावर एकेक ठिपका उमटलेला असायचा. कुठल्याशा माळावर क्षणभर झालेला लखलखाट आपल्या टेबलावर ठिपका होऊन बसतो, याचं नवल मला आजही ओसरलेलं नाही.

ठिपके जमत गेले आणि मी नकाशा पुन्हा पुन्हा मोठा करून बघायला लागले. ते कमलबाईंच्या घराभोवती गोळा होत होते. सगळे नाहीत, पण पुष्कळसे. विहिरीवरच्या वावरात, त्याच्या बांधावर, घरामागे. गाव म्हणतं ते खरं निघालं, असं मला वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, मला आनंद झाला. शोध लागल्याचा आनंद. रविवारी नकाशा छापून घेतला आणि कुरुंद्याची गाडी पकडली.

घरामागच्या अंगणात हळद शिजत होती. वाफेवर शिजवणारा मोठा कुकर गावात पाळीनं फिरतो. कमलबाईंच्या पाळीचे पंधरा दिवस चालू होते. घराजवळच्या तुकड्यातली हळद निघाली होती, विहिरीवरच्या वावरातली जमिनीत होती. जवळच्या तांड्यावरच्या बाया काढणीला यायच्या. त्या चहा पीत बसल्या होत्या. मी कसलाही विचार न करता त्यांच्यासमोर नकाशा उलगडला. त्यांची म्होरकी सोनीबाई, पन्नाशीची, कपाळावर गोंदण. तिनं रस्ता कुठला विचारलं, विहीर कुठली विचारलं, आणि मग ठिपक्यांवर बोट ठेवत गेली. तिचं बोट पुन्हा पुन्हा एकाच जागी येत होतं.

"मशिनीनं बी तेच सांगितलं," ती म्हणाली. कप खाली ठेवला. कमलबाईंकडे मात्र पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या नाहीत. वर्षानं फोनवर सांगितलं. आभाळ भरून येत होतं, कुकर पाच दिवसांनी पुढच्या गावाला जाणार होता, आणि वर्षभराची हळद मातीत होती. आजवर ती नुसती बोलवा होती. ढग आले की बाया जरा लवकर घरी जायच्या, एवढंच. माझ्या नकाशानं त्या बोलवेवर शिक्का मारला होता. "माय एकटीच काढलेली हळद शिजवून राहिली," वर्षा म्हणाली. नकाशा खोटा असता तर मी काय केलं असतं ते सोपं होतं. नकाशा खरा असला तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

पुढचा दिवस मी आकडे तपासण्यात घालवला. सगळं जमत होतं. चिकटपट्टीवरचे आकडे बरोबर घातले होते, अंतरं बरोबर होती. शेवटी गफूरचाचा म्हणाले, "मॅडम, कागद बहुत झाला. जाऊन डबी तर बघू." दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या स्कूटरवर बसून आम्ही दोघं कुरुंद्याला गेलो.

पडवीत डबी नव्हती. तारेचा माग काढत गेलो. तार खिडकीतून आत, आतल्या खोलीतून मागच्या भिंतीकडे. तिथे एका फळीवर पापडाचे डबे, काड्यापेट्या, वर्षाची पुस्तकं, कापसाच्या वाती, आणि त्यांच्यामधोमध माझी डबी, खाली स्वच्छ फडकं अंथरून. चाचांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"मॅडम, हात लावून बघा."

डबी चहाच्या किटलीसारखी तापली होती. त्या भिंतीच्या पलीकडेच कुकरचं चुलाण होतं.

कमलबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मीच ठिवली तिथं," त्या म्हणाल्या. "आवकाळी यायलाय, पडवीत वलसर हवा येती. आमच्यात हळदीच्या दिवसांत वलीला भिणारं समदं ह्या फळीवर ठिवतात. तुमची वस्तू खराब व्हईल म्हून... काहून, तकलीफ झाली का तिला?"

मी फळीवरच्या त्या पापडांकडे बघत राहिले. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा त्यांनी माझ्या डबीला दिली होती. चुलाण पेटलं की भिंत तापायची, भिंत तापली की स्फटिक सुस्तावायचा. त्याचे ठोके कमी पडायचे, म्हणून त्याच्या हिशेबानं विजेची खरखर तिथे खऱ्यापेक्षा आधी पोचायची. आधी पोचली म्हणजे जवळच पडली, असं माझा प्रोग्राम समजायचा, आणि दूरच्या माळावरचा ठिपका ओढून कमलबाईंच्या अंगणात आणून टाकायचा. जी हळद त्या शिजवत होत्या, तिच्याच चुलाणानं त्यांच्या वावरावर विजा पाडल्या होत्या. आणि डिसेंबरच्या गार खोलीत घेतलेल्या एका रीडिंगवर मी निश्चिंत बसले होते.

तरी ह्या सगळ्यात एक गोष्ट शाबूत होती. रेडिओ केंद्राचा आवाज दर काही सेकंदांनी मध्ये मध्ये रेकॉर्ड होतच होता. म्हणजे प्रत्येक विजेच्या आधी आणि नंतर घड्याळ किती सुस्तावलं होतं, हे त्या निवेदकाकडून नव्यानं विचारता येत होतं. मी ते विचारायचा आळस केला होता, एवढंच. डबी परत पडवीत आणली आणि कमलबाईंच्या घरातच, पापडाच्या डब्यावर संगणक ठेवून, सगळे ठिपके नव्यानं मांडले. आधीचं आणि नंतरचं उत्तर जिथे जुळत नव्हतं ते ठिपके टाकून दिले. चाचा शेजारी बसून एकेक रेकॉर्डिंग ऐकत होते. खोकला आला की बोट वर करायचे, जणू त्यांचं जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं.

ठिपके एकेक करून उठले आणि पांगले. एक ओढ्यापलीकडे गेला, दोन माळावर, एक शाळेमागच्या पडीकात. विहिरीवरच्या वावराजवळ एक राहिला, तो बांधावर होता की शेजाऱ्याच्या उसात, ते आम्हाला सांगता येत नव्हतं. एक-दोन वावरांची चूक आमच्यात अजून होतीच. पण सगळ्या शिवारात जसं होतं तसंच तिथे होतं.

संध्याकाळच्या आत आम्ही तांड्यावर गेलो. कमलबाई सोबत आल्या. सोनीबाई ओट्यावर बसली होती, बाया जमल्या. वर्गात उभं राहून शेकडो वेळा दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या आहेत मी. स्वतःची दाखवताना जीभ जड होते, हे तिथे कळलं. सांगितलं, माझं चुकलं. मशीन तापली होती आणि मी ते बघितलं नाही. कमलबाईंच्या वावराचा दोष नाही, माझा आहे.

"चुलानानं?" एक तरणी बाई हसू दाबत म्हणाली. मग सगळ्याच हसल्या. मला ते हसणं लागलं आणि बरंही वाटलं.

सोनीबाई हसली नाही. तिनं नवा नकाशा मागितला. रस्ता शोधला, विहीर शोधली. मग तिचं बोट एका ठिपक्यावर थांबलं. "ह्यो तलाव आमचाच ना? आमी रोज धुणं धुतो तिथं."

"हो," मी म्हटलं.

"मंग हितं बी पडती."

"कुठेही पडते. कमलबाईंच्या वावरात पडणारच नाही, असं मी सांगू शकत नाही. एका हंगामावरून कुणीच सांगू शकणार नाही. गडगडलं की सगळ्यांनी घरात यायचं, हे सगळ्या वावरांना लागू आहे. त्या वावराचं वेगळं काही दिसत नाही, एवढंच सांगते."

तिनं नकाशाची घडी घातली. आदल्या वेळी तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि तो फसला होता. ह्या वेळी तिला माझं 'सांगू शकत नाही' जास्त पटलं असावं. "बराबर हाय," ती म्हणाली. "उद्या येतो आमी."

परतताना कमलबाई माझ्या बाजूनं चालत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, त्या दिवशीचं सांगती का ही मशीन? सहा वर्सांखालचं?"

"नाही हो. तेव्हा ती नव्हती."

"व्हय. ते बी खरंच." आणखी काही पावलं गेल्यावर त्या म्हणाल्या, "लोकं म्हनले व्हते, ह्यांना त्या वावरात धाडू नको. मीच धाडलं. म्हनलं, लोकांचं काय ऐकायचं." मला तेव्हा समजलं की पहिल्या नकाशानं केवळ बायांना घाबरवलं नव्हतं. सहा वर्षं ही बाई ज्या एका गोष्टीबद्दल स्वतःला विचारत होती, तिचं उत्तर मी छापून, तिच्या अंगणात, चारचौघांत दिलं होतं. आणि ते चुकीचं होतं. मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

मी आणि चाचा त्या रात्री तिथेच राहिलो. चाचा शेजारच्या शेखांकडे झोपले. सकाळी आभाळ निवळलं होतं. बाया कुदळी घेऊन आल्या आणि वावराच्या बांधावर थांबल्या. कुणी आधी पाय टाकेना. भीती होती असंही म्हणता येणार नाही. एकमेकींकडे बघत होत्या, पदर खोचत होत्या, उगीच कुदळीची मूठ चाचपत होत्या. मी पुढे व्हायचं ठरवलं, तेवढ्यात कमलबाई माझ्या हातातली कुदळ घेऊन आत गेल्या.

कडेच्या सरीपासून सुरुवात करतात, पण त्या थांबल्या नाहीत. वाळलेला हळदीचा पाला तुडवत थेट वावराच्या मध्यावर गेल्या आणि एका जागी उभ्या राहिल्या. तिथे काही खूण नव्हती, दगड नव्हता. चारी बाजूंना होतं तसंच पीक होतं.

सोनीबाई माझ्या कानाशी म्हणाली, "तिथंच पडले व्हते ते. सा वर्सांत तिथं पाऊल न्हाई टाकलं तिनं."

कमलबाईंनी कुदळ मारली. हळदीचा गड्डा उपटला, माती झटकली आणि आमच्याकडे वळून हाक दिली, "या ना गं. हितून धरू सुरुवात."